कोविड-१९ महासाथ आणि भारतातील निवासी डॉक्टरांचे मानसिक आरोग्य

कोविड-१९ च्या महासाथीत भारतातील शासकीय व महानगरपालिका रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांवर पडलेला कामाचा ताण आणि त्याचे त्यांच्या मनावर झालेले परिणाम हा सार्वजनिक आरोग्य, मानसोपचार आणि श्रमहक्क या तिन्ही अंगांनी अभ्यासला गेलेला विषय आहे. निद्रानाश, चिंता, नैराश्य, बर्नआउट आणि आघातोत्तर तणाव ही लक्षणे या काळात जगभरातील रुग्णालयीन डॉक्टरांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळली. भारतात या ताणाला आणखी एक बाजू होती. कोविड वॉर्डांतील चोवीस तासांचे काम प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, साधारण पंचवीस ते तीस वर्षे वयाच्या डॉक्टरांवर पडले आणि त्यांच्या कामाच्या तासांचा प्रश्न साथीपूर्वीपासूनच अनिर्णित होता.

पार्श्वभूमी

एम.बी.बी.एस. नंतर एम.डी. किंवा एम.एस. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारा डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि रुग्णालयाचा विद्यावेतन घेणारा कर्मचारीही. मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि कूपर ही महानगरपालिकेची रुग्णालये, राज्य शासनाचे जे.जे. रुग्णालय, पुण्याचे ससून किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा संस्थांत रात्रीच्या वेळी वॉर्डात प्रत्यक्ष हजर असतो तो निवासी डॉक्टरच. रुग्ण दाखल करून घेणे, रक्ताचे नमुने काढणे, नातेवाइकांशी बोलणे, मृत्यूचा दाखला लिहिणे या कामांचा सर्वांत मोठा भार पहिल्या वर्षाच्या निवासींवर येतो.

केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेनुसार सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा जास्त नसावे, आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात २४ ते ३६ तासांची सलग ड्यूटी अनेक महाविद्यालयांत रूढ होती आणि ती सोसणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला जाई. महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ वसतिगृहांची अवस्था, रिक्त पदे, विद्यावेतनातील विलंब आणि सुरक्षा या प्रश्नांवर साथीपूर्वी अनेकदा आंदोलनात उतरली होती. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभर कामबंद आंदोलन झाले होते. साथीतील ताणाकडे केवळ विषाणूचा परिणाम म्हणून पाहिले, तर ही आधीची परिस्थिती नजरेआड होते.

पहिली लाट

भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. ९ मार्च रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि दोनच दिवसांनी, ११ मार्च रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला महासाथ म्हटले. एप्रिलमध्ये मुंबईचे नायर रुग्णालय पूर्णपणे कोविड रुग्णालय करण्यात आले. नेत्ररोग, त्वचारोग, अस्थिरोग अशा शाखांच्या निवासींनाही कोविड वॉर्डात नेमले गेले. ज्यांनी व्हेंटिलेटर एरवी क्वचितच हाताळला होता, त्यांना काही दिवसांच्या प्रशिक्षणावर अतिदक्षता विभागात उभे राहावे लागले. नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने शल्यशाखांच्या विद्यार्थ्यांचे हातकाम बुडाले. तीन वर्षांच्या शिक्षणातील एक वर्ष असेच गेल्यावर पुढे आपण शस्त्रक्रिया करू शकू का, ही चिंता संसर्गाच्या भीतीइतकीच खरी होती, मात्र तिची चर्चा त्या मानाने कमी झाली.

पीपीई किट घातल्यानंतर सहा ते आठ तास पाणी पिता येत नसे आणि स्वच्छतागृहात जाता येत नसे, कारण किट एकदा काढले की ते पुन्हा वापरता येत नाही आणि सुरुवातीला किटांचाच तुटवडा होता. हवेतून संसर्ग पसरू नये म्हणून अनेक वॉर्डांतील वातानुकूलन बंद होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगातून घामाच्या धारा लागत, गॉगलवर वाफ धरे, मास्कच्या कडांनी नाकावर व गालांवर वण उठत. पाळी सुरू असलेल्या महिला डॉक्टरांची कुचंबणा अधिक होती. एकसारख्या पोशाखात सहकारी ओळखू येत नसल्याने किटच्या छातीवर किंवा पाठीवर मार्करने नाव लिहिण्याची पद्धत पडली. रुग्णाला डॉक्टरचे फक्त डोळे दिसत.

काम संपल्यानंतरही ताण संपत नसे. वसतिगृहांत एका खोलीत अनेक जण आणि मजल्याला सामाईक स्नानगृह अशी स्थिती असताना विलगीकरण कसे पाळायचे, हा व्यावहारिक प्रश्न होता. काही ठिकाणी डॉक्टरांची सोय हॉटेलांत करण्यात आली. घरी राहणाऱ्यांपैकी अनेकांनी वृद्ध आईवडिलांपासून किंवा लहान मुलांपासून कित्येक आठवडे दूर राहणे पसंत केले. मार्च २०२० मध्ये देशाच्या विविध भागांत घरमालकांनी डॉक्टरांना व परिचारिकांना खोल्या रिकाम्या करण्यास सांगितल्याच्या तक्रारी आल्या आणि दिल्लीतील एम्सच्या निवासी डॉक्टर संघटनेने त्याबाबत केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. त्याच आठवड्यात, २२ मार्च रोजी, देशभर टाळ्या-थाळ्या वाजवून आरोग्य कर्मचाऱ्यांचे आभार मानण्यात आले होते. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ‘कोविड योद्धा’ हा शब्द याच काळात रूढ झाला. त्याने गौरव केला, पण थकवा, भीती किंवा रजा यांविषयी बोलणे अवघडही करून ठेवले.

दुसरी लाट

मार्च ते मे २०२१ या काळातील दुसऱ्या लाटेत ताणाचे स्वरूप बदलले. बहुतेक डॉक्टरांचे लसीकरण झाले असल्याने स्वतःच्या संसर्गाची भीती काहीशी कमी झाली होती, पण रुग्णसंख्या कोणत्याही अंदाजापलीकडे गेली. महाराष्ट्रात एप्रिलच्या मध्यावर एका दिवसात ६८ हजारांहून अधिक, तर देशात मेच्या पहिल्या आठवड्यात ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा, प्राणवायू आणि औषधे या तिन्हींचा तुटवडा एकाच वेळी पडला.

प्राणवायूचा हिशेब हे वॉर्डातील डॉक्टरचे रोजचे काम झाले. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो अकरा-बारा तास पुरतो, परंतु उच्च प्रवाहाच्या नळीवर मिनिटाला ६० लिटर घेणाऱ्या रुग्णासाठी तो दोन तासांच्या आत संपतो. त्यामुळे एका रुग्णाचा प्रवाह वाढवणे म्हणजे शेजारच्या खाटांचा वेळ कमी करणे ठरू शकत होते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले.

गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील घटनाक्रम या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. तेथे ट्रॉलीवरील सिलिंडरांचे संच जोडून वॉर्डांना प्राणवायू पुरवला जात होता. संच बदलताना किंवा नवा संच पोहोचण्यास उशीर झाल्यास नळीतील दाब खाली येई आणि हे बहुधा उत्तररात्री घडे. त्या वेळी वॉर्डात असत ते निवासी डॉक्टर व परिचारिका. गोव्यातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने हा प्रश्न प्रशासनासमोर मांडला. ११ मे रोजी पहाटे २ ते ६ या वेळेत २६ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या विषयावर सुनावणी घेऊन पुरवठा सुरळीत करण्याचे आदेश दिले. काय करायला हवे हे माहीत आहे, हातही तयार आहेत, पण साधन नाही, अशा स्थितीत रुग्ण जाताना पाहणे हा थकव्याहून वेगळा अनुभव आहे. त्याचे विवेचन पुढील विभागात केले आहे.

रेमडेसिविरच्या बाबतीतही अशीच कोंडी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच हे औषध वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली होती, तरी देशातील उपचारपद्धतीत त्याला स्थान होते आणि एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक त्याच्या कुप्यांसाठी शहरभर फिरत होते. औषध लिहून दिले तर कुटुंब कर्जात जाणार आणि न लिहिल्यास डॉक्टरने प्रयत्न केला नाही असे म्हटले जाणार, हे दोन्ही डॉक्टरला ठाऊक असे.

भेटींवर बंदी असल्याने मृत्यूची बातमी फोनवरून द्यावी लागे. एका पाळीत असे अनेक फोन करणे, अखेरच्या क्षणी रुग्णासमोर मोबाइल धरून घरच्यांशी बोलणे करून देणे, ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेली नव्हती.

संकल्पना

बर्नआउट ही संज्ञा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडली. क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली: भावनिक रितेपण, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार मानलेले नाही, तर व्यवस्थित न हाताळलेल्या दीर्घकालीन कार्यताणातून उद्भवणारी व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. आजार म्हटले की उपचार व्यक्तीवर होतात, तर कामाशी निगडित स्थिती म्हटले की कामाच्या रचनेकडे पाहावे लागते.

नैतिक आघात ही दुसरी संकल्पना युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून आली. १९९० च्या दशकात जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या संदर्भात तिची मांडणी केली. आपल्या मूल्यांविरुद्ध वागावे लागणे, किंवा तसे घडताना थांबवू न शकणे, यातून येणारी अपराधी भावना, शरम आणि संताप असा तिचा आशय आहे. मार्च २०२० मध्ये इटलीतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने टंचाईच्या काळात कोणाला प्राधान्य द्यावे याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा निदान निर्णयाचा भार एकट्या डॉक्टरवर राहू नये हा त्यामागचा एक हेतू होता. भारतातील बहुतेक वॉर्डांत खाट कोणाला द्यायची, हा निर्णय त्या रात्री ड्यूटीवर असलेल्यालाच घ्यावा लागला.

अभ्यास व निष्कर्ष

या विषयावरील सर्वांत आधीच्या मोठ्या अभ्यासांपैकी एक चीनमधील आहे. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीस ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांच्या पाहणीत ५०.४ टक्के जणांत नैराश्याची, ४४.६ टक्क्यांत चिंतेची आणि ३४ टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. महिला, परिचारिका, वुहानमध्ये काम करणारे आणि थेट रुग्णसेवेत असलेले यांच्यात लक्षणे अधिक तीव्र होती. इंग्लंडमध्ये २०२० च्या जून-जुलैमध्ये नऊ अतिदक्षता विभागांतील ७०९ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के जणांची लक्षणे आघातोत्तर तणावाच्या निकषात बसत होती.

भारतातील एका प्रश्नावलीआधारित पाहणीत २,०२६ आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ५२.८ टक्क्यांना महासाथीशी निगडित बर्नआउट असल्याचे दिसले, तर एकूण कामाशी निगडित बर्नआउटचे प्रमाण २६.९ टक्के होते. डॉक्टरांत महासाथीशी निगडित बर्नआउटची शक्यता अधिक होती आणि तिशीच्या आतील वयोगटात वैयक्तिक व कामाशी निगडित बर्नआउट अधिक आढळला. हाच वयोगट निवासी डॉक्टरांचा आहे.

या आकड्यांना मर्यादा आहेत. अशा पाहण्या बहुतांशी ऑनलाइन झाल्या आणि ज्यांना वेळ व इच्छा होती त्यांनीच त्या भरल्या. स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतील गुण म्हणजे निदान नव्हे. शिवाय त्याच डॉक्टरांची साथीपूर्वीची स्थिती सहसा मोजलेली नसल्याने वाढ किती आणि मुळातले किती, हे वेगळे काढता येत नाही.

डॉक्टरांचे मृत्यू हाही या ताणाचा एक भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने मरण पावले. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नोंदीप्रमाणे भारतात पहिल्या लाटेत सुमारे ७५० आणि दुसऱ्या लाटेत जून २०२१ अखेरपर्यंत सुमारे ८०० डॉक्टर दगावले.

हिंसा व सामाजिक कलंक

एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोविडने मरण पावलेल्या एका मेंदूशल्यविशारदाच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिकेवर दगडफेक झाली आणि मोजक्या सहकाऱ्यांना रात्री अंत्यविधी उरकावा लागला. या घटनेने देशभरातील डॉक्टरांना हादरा बसला. २२ एप्रिल रोजी केंद्र शासनाने वटहुकूम काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती केली आणि सप्टेंबरमध्ये संसदेने तिला मंजुरी दिली. आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे, तर गंभीर दुखापतीसाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद त्यात आहे. मूळ कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने झालेला. त्यात शासनाला व्यापक अधिकार होते, पण शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाचा विचार नव्हता. तो येण्यास १२३ वर्षे लागली.

दुरुस्तीनंतरही हल्ले थांबले नाहीत. १ जून २०२१ रोजी आसाममधील होजाई जिल्ह्यात रुग्णाच्या मृत्यूनंतर जमावाने एका तरुण डॉक्टरला बेदम मारहाण केली. १८ जून रोजी भारतीय वैद्यकीय संघटनेने देशव्यापी निषेध दिन पाळला.

वेतन, परीक्षा आणि रखडलेली तुकडी

मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर झाले. दुसरीकडे अनेक ठिकाणी वेतन वेळेवर मिळत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये डॉक्टरांचे वेतन व विलगीकरणाची सोय यांबाबत केंद्राला निर्देश दिले. तरीही ऑक्टोबरमध्ये उत्तर दिल्ली महानगरपालिकेच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना थकीत पगारासाठी आंदोलन करावे लागले. महाराष्ट्रात वर्ष कोविड सेवेत गेल्याने शैक्षणिक शुल्क माफ करावे, या मागणीसाठी निवासी डॉक्टर ऑक्टोबर २०२१ मध्ये संपावर गेले.

मनुष्यबळाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फटका प्रवेशप्रक्रियेच्या विलंबाने बसला. १८ एप्रिल २०२१ रोजी होणारी नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा पुढे ढकलून ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणविषयक वादामुळे समुपदेशन थांबले. निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्या वॉर्ड चालवतात. त्यांतली पहिल्या वर्षाची तुकडी आलीच नाही आणि तिचे काम वरच्या दोघींवर पडले. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीसह अनेक शहरांतील निवासी डॉक्टर याच कारणाने रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश सुरू करण्यास परवानगी दिली, तेव्हा ओमिक्रॉनची लाट सुरू झाली होती.

मदत घेण्यातील अडथळे

साथीच्या काळात अनेक संस्थांनी समुपदेशनाच्या दूरध्वनी सेवा सुरू केल्या, परंतु डॉक्टर त्यांचा वापर करण्यास कचरत. भारतात एक लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी मनोविकारतज्ज्ञ आहे. निवासी डॉक्टरला सहज उपलब्ध असलेला तज्ज्ञ बहुधा त्याच्याच महाविद्यालयात शिकवणारा असतो. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायचा म्हणजे आपले नाव सहकाऱ्यांच्या नजरेस पडणार, ही धास्ती असते. ‘मनाने कमकुवत’ असा शिक्का बसला तर परीक्षेवर परिणाम होईल, ही शंकाही असते. झोपेची किंवा चिंता कमी करणारी औषधे स्वतःच्या मनाने घेण्याचा धोका डॉक्टरांत इतरांपेक्षा अधिक असतो, कारण ती हाताशी असतात.

न्यू यॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लोर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली. मदत घेतल्याचे उघड झाल्यास वैद्यकीय परवाना धोक्यात येईल, ही भीती त्यांना होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. त्यांच्या नावाने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा कायदा झाला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि उपचारांची गोपनीयता हा हक्क मानला आहे. हे संरक्षण डॉक्टरांनाही लागू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने टेलि-मानस ही मोफत, चोवीस तासांची सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती मराठीतही उपलब्ध आहे.

महासाथीनंतर

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी पुन्हा संप केला होता. वसतिगृहांची कमतरता आणि वरिष्ठ निवासींची पदे या त्यांच्या प्रमुख मागण्यांत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील अहवाल प्रसिद्ध केला. निवासींचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे, आठवड्यात एक दिवस सुटी असावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशा शिफारशी त्यात आहेत. ७४ तासांची ही मर्यादा १९९२ च्या योजनेतील ४८ तासांपेक्षा २६ तासांनी अधिक आहे.